पाहुणीचं पाणी

१

नमुनेकाकांची सकाळ दुसऱ्यांच्या दंडांवर उगवायची. सहाच्या ठोक्याला बॅग खांद्याला लावायची, यादी खिशात कोंबायची आणि घरोघरी जाऊन उपाशीपोटी बसलेल्या माणसांचं रक्त काढायचं. रक्त काढलं की त्या छोट्या नळीवर नाव, वय, तारीख लिहायची आणि सगळ्या नळ्या दहाच्या आत लॅबमध्ये पोचवायच्या. चाळीस वर्षं हेच काम. नमुने गोळा करतात म्हणून नमुनेकाका. 'नावाला शोभतात अगदी,' असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि काका तोंड वाकडं करून चहा संपवायचे.

बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. आता तोंड वाकडं करावं असंही घरात कोणी काही बोलत नव्हतं. लेक दूरच्या शहरात. तिचा फोन रोज पाचला यायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवते, एवढं झालं की पुढच्या पाचपर्यंत घराला वाचा नसायची. काका कधीकधी उगाचच भांडी आपटायचे.

घरात जिवंत म्हणावं असं जे काही उरलं होतं ते बैठकीच्या खोलीतल्या टाकीत. साठ लिटर पाणी, त्यात मोजून कालवलेलं मीठ, वर निळसर दिवा, बाजूला घुमणारा पंप. दोन नारिंगी मासे, एक आळशी गोगलगाय आणि दगडांच्या मधोमध पाहुणी. पाहुणी म्हणजे प्रवाळ. नारळाएवढा दगडी गोळा, त्यातून बोटभर लांब निघालेल्या शेकडो मऊ नळ्या आणि प्रत्येक नळीच्या टोकाला चोवीस पाकळ्यांचं फूल. 'हे झाड का हो?' असं कुणी विचारलं की बायको म्हणायची, "झाड कसलं, जनावर आहे. तेही एक नाही, अख्खी वसाहत आहे."

नाव टाकीवाल्यामुळे पडलं. विकतानाच तो म्हणाला होता, "ताई, ही जात घरात टिकत नाही. चार दिवसांची पाहुणी समजा." बायकोनं ते मनावर घेतलं आणि पाहुणीला सहा वर्षं नांदवलं. काकांनी त्या सहा वर्षांत टाकीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. पण शेवटी दवाखान्यात बायकोनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "अहो, बाकी कशाचं काही होऊ दे. पाहुणीला तेवढं जगवा." काका 'हो' म्हणाले. त्यांनी तिच्या टाकीच्या वह्या वाचल्या, टाकीवाल्याचं डोकं खाल्लं, मीठ कालवायला शिकले. आठ महिने सगळं सुरळीत चाललं.

मग एका सोमवारी ते लॅबमधून परतले तेव्हा पाहुणी मिटलेली होती. मंगळवारी मिटलेली. शनिवारपर्यंत तिच्या एका कडेचं मांस मागे सरलं आणि खालचं पांढरं हाड दिसायला लागलं. बायकोनं एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही आता हातातून जात होती.

२

आजारी म्हटल्यावर आधी तपासणी, हे काकांच्या हाडामांसात भिनलेलं. त्यांनी टाकीचं पाणी छोट्या बाटल्यांत घेतलं, थेंब टाकले, रंग तक्त्याशी ताडून पाहिले. खारटपणा बरोबर. चुना बरोबर. घाण जवळजवळ नाहीच. तीनदा तपासलं, तीनदा तेच. चष्मा पुसून चौथ्यांदाही तपासलं.

शेवटी टाकीवाल्याला बोलावलं. तो गडी बोलघेवडा. आल्याआल्या टाकीच्या काचेला नाक लावून बसला, बॅटरी मारून सांदीकोपऱ्यांत किडे शोधले, पंपाचा झोत हातानं अजमावला.

"कमाल आहे काका. रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट आडवा."

"तेच म्हणतोय ना मी. मग आता?"

"आता काय, सेवा करायची. आयोडीनच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून काढा. मग खाली, जरा कमी झोताच्या जागी ठेवा. आणि दर दिवसाआड टाकीतलं पाव पाणी काढून नवीन घाला. मीठ आदल्या दिवशी बादलीत कालवून ठेवायचं. कंटाळा केलात तर गेली बघा ती."

"मी कंटाळा करेन असं वाटतं तुला?"

"नाही हो. तुम्ही तर ताईंचं..." तो अडखळला. "हात सारखा घालू नका एवढंच. त्यांना माणसाच्या हाताचं काही ना काही लागतं."

तो गेल्यावर काकांनी बाही खांद्यापर्यंत दुमडली, पाहुणीला अलगद उचलून औषधात बुडवलं, पुन्हा टाकीत नेऊन खालच्या दगडावर टेकवलं. पाव पाणी उपसलं, बादलीत आधीच कालवून ठेवलेलं नवीन ओतलं. सगळं झाल्यावर ती नीट बसली की नाही हे पाहायला त्यांनी दोन बोटं तिच्या कडेला लावली.

बोटांखाली घर्रर्र झालं.

बारीक, न थांबणारी थरथर. काकांनी हात झटकन काढला, मग सावकाश पुन्हा लावला. ही थरथर त्यांना पाठ होती. बायकोची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा ऑपरेशन करून तिच्या डाव्या मनगटापाशी धमनी शिरेला जोडली होती, रक्त धुणाऱ्या मशीनची जाड सुई लावता यावी म्हणून. त्या जागी बोट ठेवलं की कातडीखाली असंच घरघरायचं. नर्सनं बजावलं होतं, रोज सकाळ-संध्याकाळ बोट लावून बघा, घरघर थांबली तर तसेच पळत या. वर्षभर काकांनी सकाळ-संध्याकाळ बोट लावलं होतं.

पंप असणार, दुसरं काय. त्यांनी उठून पंपाचा प्लग काढला. दिव्याचाही काढला. मासे गोंधळून कोपऱ्यात गेले, पाणी निपचित झालं, आणि खोलीत स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येईना. त्यांनी बोटं लावली.

घरघर चालूच होती.

आपलीच नाडी असेल, वय झालं, बोटांत रक्त धडधडतं. स्वतःची अशी समजूत घालून काकांनी हात पुसले. मग त्यांनी उजव्या हातानं डाव्या मनगटावरची नाडी मोजली. मिनिटाला बहात्तर ठोके, वेगवेगळे, सुटे. पाण्यातलं ते तसं नव्हतं.

३

घरचे थेंब नि रंग पोरखेळ, लॅबच्या मशीनवर काय ते कळेल, असा विचार करून काकांनी दुसऱ्या दिवशी टाकीचं पाणी एका नळीत भरून सोबत नेलं. लॅबचा नियम कडक होता. नावाशिवाय नळी मशीनला लागत नाही. त्या सकाळी बारा घरं झाली होती, बारा नळ्यांवर बारा नावं लिहून झाली होती, तेराव्या नळीवर काय लिहिलं हे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. हाताला सवय होती. दर पंधरा दिवसांनी, चौदा महिने, यादीतली शेवटची नळी एकाच नावाची असायची.

दुपारी डॉक्टरबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. बाई काकांपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण त्यांना लॅबमध्ये सगळे वचकून असत.

"बसा काका. सकाळच्या बॅचमध्ये वहिनींच्या नावाची नळी होती."

तेव्हा कुठे काकांच्या लक्षात आलं, आपण काय लिहिलं ते.

"मशीन जुन्या रिपोर्टशी ताडून बघतं, तुम्हाला ठाऊक आहे. आकडे जुळले नाहीत तर ओरडतं. ते ओरडलं नाही." बाईंनी कागद पुढे सरकवला. "क्रिएटिनिन आठ पॉइंट नऊ. पोटॅशियम सहा पॉइंट एक. हा रक्ताचा रिपोर्ट आहे, वहिनींचा. एखादी जुनी नळी फ्रीजमध्ये राहिली होती का?"

काका कागदाकडे बघत राहिले. मूत्रपिंडं बिघडली की हे आकडे चढतात; शेवटचा रिपोर्ट त्यांना तोंडपाठ होता, नऊ पॉइंट दोन आणि सहा पॉइंट चार.

"सुधारणा आहे," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

टेबलावरचा पाण्याचा ग्लास बाईंनी काकांपुढे ठेवला.

"जुनीच असेल नळी," काका घाईघाईनं म्हणाले. "चुकून आली असेल."

"थोडे दिवस लेकीकडे जाऊन या काका. मी सांभाळते इथलं."

जेवणाच्या सुट्टीत मशीनवरची मुलगी डबा घेऊन गच्चीत गेली तेव्हा काका मशीनपाशी गेले. त्या नळीत अजून पाणी उरलं होतं. त्यांनी ते दोन नळ्यांत वाटलं. एकीवर लिहिलं, 'टाकी'. दुसरीवर बायकोचं नाव, या वेळी बघून, शुद्धीवर राहून. पहिल्या नळीला मशीननं लाल दिवा दाखवला. सोडियम मोजण्यापलीकडे, हा रक्ताचा नमुना नाही. अगदी बरोबर, खारं पाणीच ते. दुसरी नळी मशीननं मुकाट घेतली आणि आठ पॉइंट नऊ छापून दिलं.

पाणी एकच होतं. काकांनी दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या, हलवल्या, हुंगल्यासुद्धा. मग दोन्ही खिशात टाकून ते घरी आले.

४

बायकोच्या रिपोर्टांची फाईल कपाटात वरच्या कप्प्यात होती. एकतीस कागद, तारखेनं लावलेले. काकांनी शेवटचा कागद उलटला आणि त्याच्या मागचा पाहिला. क्रिएटिनिन आठ पॉइंट नऊ, पोटॅशियम सहा पॉइंट एक. एका आकड्याचाही फरक नव्हता.

एकदा पाणी बदललं होतं, एक कागद मागे.

काका हिशेबी डोक्याचे. दिवसाआड पाव पाणी बदलत राहिले आणि दर खेपेला सुट्टीच्या वेळात नळी लावत राहिले. दुसऱ्या बदलानंतर शेवटून तिसरा कागद निघाला. तिसऱ्यानंतर चौथा. पाचव्या खेपेला त्यांनी मशीनचा कागद फायलीशी ताडायचं सोडून दिलं, कारण काय येणार ते माहीत होतं. भीती वाटायला हवी होती. पहिल्या दिवशी वाटलीही होती, चांगली दरदरून घाम सुटेपर्यंत. पण बायको गेल्यापासून एकही गोष्ट सुधारताना त्यांनी पाहिली नव्हती, आणि ही सुधारत होती.

सहाव्या बदलानंतर पाहुणी उघडली. आधी पाचपन्नास नळ्या, मग दीडदोनशे. फिकट, बारकी फुलं, पण उघडी. काकांनी हात पाण्यात घातला. प्रवाळाला हात लागला की ते मिटतं, टाकीवाल्यानं हजारदा सांगितलेलं. पाहुणी मिटली नाही. फुलं त्यांच्या हाताकडे वळली, एकेक करून तळव्याला लागली आणि तिथंच टेकून राहिली. फुलांत काही जोर नव्हता. काकांना रडू फुटलं. "आलीस का गं," असं ते मोठ्यानं म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकले.

तेव्हापासून रोज दुपारी जेवण उरकलं की ते टाकीपाशी खुर्ची ओढायचे आणि हात पाण्यात सोडून बसायचे. कुणाची शीर सापडली नाही, कोण सुईला घाबरून पलंगाखाली गेलं, सगळं सांगायचे. बोटांखाली घरघर चालू असायची. फुलं हाताला टेकलेली असायची.

खरं सांगायचं तर त्यांचा संसार असा कधीच नव्हता. तिला मैत्रिणी होत्या, गाण्याचा वर्ग होता, सुट्टीच्या दिवशी ती घरात ठरायची नाही. काकांचं म्हणजे काम आणि घर, घर आणि काम, वर पुन्हा फुरंगटून बसायचं. तीस वर्षं दोघं एका छपराखाली चार हात लांब राहिले. आजारपण आलं आणि मैत्रिणी हळूहळू येईनाशा झाल्या, गाण्याचा वर्ग सुटला. मग ती दुपारी आपणहून म्हणायची, "अहो, बसा ना जरा." हात पुढे करायची. काका बोट ठेवून घरघर बघायचे आणि मग बोट तिथंच राहायचं, तासन्‌तास. ते चौदा महिने तिचे फार हालाचे होते. काकांचे आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कुठल्या तोंडानं?

"बाबा, आवाज छान येतोय तुमचा," लेक एकदा फोनवर म्हणाली.

"पाहुणी सुधारतेय," काका म्हणाले.

५

तिसाव्या बदलाला फाईल संपली. त्याआधीच, अठ्ठाविसाव्या खेपेला, घरघर थांबली होती.

काकांनी बोटं लावली आणि काहीच लागेना. ते तसेच धडपडत उठले, चप्पल घातली, दारापर्यंत गेले, आणि तिथं भान आलं की पळत जायचं कुठं? परत येऊन त्यांनी फाईल काढली. अठ्ठाविसाव्या बदलानं निघालेला कागद ऑपरेशनच्या आधीचा होता. तेव्हा तिच्या मनगटात काही नव्हतंच. म्हणजे थांबली यात वाईट काही नाही. उलट चांगलं आहे. काकांनी हे स्वतःला दोनतीनदा समजावलं.

एकतिसाव्या, बत्तिसाव्या, तेहतिसाव्या बदलानंतर मशीननं जे आकडे दिले त्यांना फायलीत कागद नव्हता. क्रिएटिनिन दोन. मग दीड. मग शून्य पॉइंट नऊ, धडधाकट माणसाचं. पाहुणी तर काय फुलली होती! हाडावर मांस चढलं, नळ्या वीतभर लांब झाल्या, रंग असा गुलाबी-हिरवा की खोलीत शिरताच नजर तिथंच जावी.

काकांनी हात घातला. फुलं मिटली नाहीत. फक्त बाजूला झाली. जिथं जिथं हात जाई तिथून तेवढीच फुलं हलकेच मागे सरकायची आणि हात पुढे गेला की पुन्हा आपली डोलायला लागायची. वाटेतल्या अनोळखी माणसाला जागा करून द्यावी, तेवढंच.

टाकीवाला बघायला आला. "अरे बापरे! काका, हात टेकले तुमच्यापुढे. ताई असत्या तर..." त्यानं बाही वर केली आणि पंपाची जाळी साफ करायला हात घातला. काका बघत होते. फुलं त्याच्या हाताकडे वळली, त्याच्या बोटांशी खेळली, गोगलगायीशीही खेळली, माशांनाही त्यांनी अंगावर घेतलं. टाकीवाला हसला. "माणसाळली की हो!"

"हं," काका म्हणाले.

"आता पाणी आठवड्यातून एकदा बदललं तरी पुरे. ही आता तुमची-माझी कुणाची गरज नसलेली बाई झाली."

तो चहा न घेताच गेला. त्या दुपारी काका खुर्चीत बसून राहिले. पंप घुमत होता. शेजारच्या इमारतीत कुणीतरी खिडकी लावली, तेही ऐकू आलं. टाकीत ती डोलत होती, एकदम मजेत, आणि काकांना तिचा राग आला. बऱ्या झालेल्या जिवाचा राग आला म्हणून मग स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही राग गेला नाही.

६

पुढच्या आठवड्यात त्यांनी पाणी बदललं नाही.

मुद्दाम नाही, असं ते मनाशी म्हणत होते. कंबर धरली होती, बादली जड होती, टाकीवाल्यानंच सांगितलं होतं घाई नाही म्हणून. दहाव्या दिवशी बाहेरची फुलं मरगळली. बाराव्या दिवशी कडेला जराशी पांढरी रेघ आली. तेराव्या दिवशी काकांनी हात घातला तर दोन फुलं येऊन टेकली.

दोनच. पण टेकली.

लॅबमध्ये नळी लावली, क्रिएटिनिन साडेतीन. फायलीतला पहिला कागद. काका घरी येऊन खुर्चीत बसले आणि त्यांनी थोडी वाट बघायचं ठरवलं. अठराव्या दिवशी घरघर परत आली. बोटांखाली ती लागली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. एवढं सुख त्यांना कित्येक आठवड्यांत झालं नव्हतं. फुलं हाताभर टेकली होती, फिकट, थकलेली. काकांनी तिला त्या दिवशीच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, राहून गेलेल्याही.

चाळीस वर्षं आकड्यांत गेलेल्या माणसाला बेत बसवायला वेळ लागत नाही. क्रिएटिनिनच्या पाच ते साडेपाच आकड्यांमध्ये तिला ठेवायचं. त्याखाली गेली की ती ओळख देत नाही, सातावर गेली की मांस सुटायला लागतं. साडेपाच झाले की अर्धीच बादली घालायची, पाच झाले की थांबायचं. काकांनी हे सगळं एका वहीत नीट आखून लिहिलं. डोळ्यांत तेल घालून जपत होते ते तिला. एक दिवस चुकले नाहीत. एवढी सेवा कोण करतं कुणाची?

टाकीवाल्याचा फोन आला की ते म्हणायचे, छान आहे, तू येऊ नकोस, तुला कामं असतात.

७

त्या रविवारी काकांनी पूर्ण बादली कालवून ठेवली होती. मीठ विरघळलं होतं, पाणी काचेसारखं झालं होतं. बादली भिंतीच्या कोपऱ्यात, सोफ्याच्या पलीकडे. आकडा सहावर गेला होता, तेव्हा पाणी घालायलाच हवं होतं, अर्धं नव्हे, सगळं. आधी थोडा वेळ बसू, मग घालू, म्हणून ते दुपारी तीनला खुर्चीत बसले आणि हात पाण्यात सोडला.

फुलं आली नाहीत.

मिटली नव्हती. सगळी उघडी होती, शेकडोच्या शेकडो, आणि सगळी एकाच दिशेला वळलेली. पंपाचा झोत डावीकडून येत होता, फुलं उजवीकडे झुकायला हवी होती. ती काकांच्या खांद्यावरून मागे, खोलीच्या कोपऱ्याकडे वळली होती. काकांनी मान थोडी तिरकी केली, तेव्हा टाकीच्या काचेत खोली दिसली. खिडकीचा उजेड, खुर्ची, स्वतःचा ओला खांदा. त्यामागे सोफ्याच्या टोकाला कुणीतरी बसलं होतं. साडीचा गडद रंग, मांडीवर डावा हात, तळवा वर, मनगटाला चिकटपट्टी. रक्त धुवायला मशीनवर जायच्या दिवशी ती अशी तयार होऊन बसायची.

काकांनी श्वास रोखला. आता ती आपल्याकडे बघेल, असं त्यांना वाटलं. त्यांना तेवढंच हवं होतं, त्याची कितीही भीती वाटली तरी.

ती त्यांच्याकडे बघत नव्हती. तिची मान कोपऱ्याकडे वळलेली होती. ती बादलीकडे बघत होती.

काका वळले. सोफा रिकामा होता. उशीही दबलेली नव्हती. कोपऱ्यात बादली, भरलेली. बराच वेळ ते बादलीकडे बघत उभे राहिले, हातातून पाणी टपकत राहिलं.

"उद्या," ते म्हणाले. "उद्या घालतो ना गं सगळं. नक्की."

त्यांनी बादली उचलली. कंबरेतून कळ गेली, तरी ती दोन्ही हातांनी न्हाणीघरात नेली आणि हळूहळू ओतून दिली, आवाज होऊ नये अशी. दार लावून घेतलं. परत येऊन खुर्ची ओढली, बाही वर केली, हात पाण्यात घातला.

फुलं अजून त्या कोपऱ्याकडेच वळलेली होती. काकांनी हात हलवला नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग एक फूल मागे वळलं. दुसरं वळलं. दुसरीकडे वळून राहायचं त्राणच नव्हतं त्यांच्यात. एकेक करून ती सगळी आली आणि काकांच्या तळव्यावर टेकली, आणि बोटांखाली घरघर लागली, आज जरा जास्तच जोरात. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला त्यांनी हात काही काढला नाही.

पाचला फोन वाजला. त्यांनी डाव्या हातानं उचलला.

"बाबा, जेवलात का? आणि पाहुणी कशी आहे?"

"जरा मलूल आहे," काका म्हणाले. "पण तू काळजी करू नकोस. मी आहे ना तिच्याजवळ."